नाव कमळाचे, कूळ निवडुंगाचे



या सदरात आपण एरवी धानावरचा खोडकिडा, संत्र्याचा बहार, गाईचा भाकड काळ असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र कुंडीतल्या एका झाडाविषयी लिहिणार आहे. साहेबांना रिकामपण आले काय, असे कुणी म्हणेल. तसे नाही. त्याला कारण एक पत्र आहे.

आमच्याच तालुक्यातल्या एका भगिनीचे हे पत्र. नाव-गाव छापू नका अशी तिची विनंती आहे, ती पाळतो. ती लिहिते की, सासरी दारात ब्रह्मकमळाचे जुने झाड आहे. दर श्रावणात त्याला फुले यायची, गल्लीतली माणसे रात्री पाहायला जमायची, सासूबाई हळदकुंकू वाहून सर्वांच्या हातावर साखर ठेवायच्या. हिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली आणि दोन्ही पावसाळे झाडाला एक कळी नाही. पहिल्या वर्षी ते हसण्यावारी गेले. आता आल्यागेल्यासमोर बोलले जाते की, सून घरात आली आणि ब्रह्मकमळ फुलायचे थांबले. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला आहे, "असे खरेच असते काय?"

नसते, ताई. घरात कोण आले नि कोण गेले हे झाडाला कळत नाही. त्याला ऊन, सावली, ओल आणि हवा एवढेच कळते. पण मी नुसते 'नसते' म्हणून तुमच्या सासूबाईंचे समाधान व्हायचे नाही. इतकी वर्षे खेड्यापाड्यांतून हिंडताना एवढे पाहिले आहे की, खरे कारण दाखवल्याशिवाय मनातले खोटे कारण जात नाही. म्हणून मुळापासून सांगतो. तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात अशा चार गोष्टी आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

पहिली गोष्ट अशी की, आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते कमळ नव्हे, आणि हिमालयात ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तेही नव्हे. हिमालयातले ब्रह्मकमळ साडेतीन हजार मीटरहून उंच जागी, बर्फ वितळल्यावर दगडाधोंड्यांत उगवते. केदारनाथ-बद्रीनाथाला ते वाहतात. उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प आहे. १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची तिकिटे काढली, त्यांतही ते होते. त्याचे कूळ ऐकाल तर गंमत वाटेल. आपली करडई आणि सूर्यफूल ज्या कुळातली, त्याच कुळातले ते झाड. जांभळट बोंडांभोवती कागदासारखी पातळ, फिकट पाने मिटून राहतात, म्हणून दुरून कमळाचा भास होतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४५-४६ अंशांत ते जगणार नाही. तेव्हा यात्रेत किंवा बाजारात कुणी 'हिमालयातून आणलेले अस्सल ब्रह्मकमळ' म्हणून रोप पुढे केले, तर पैसे खिशातच राहू द्या. पुष्कळदा ते तुमच्या शेजारणीच्या कुंडीतले खांडच असते, फक्त किंमत हिमालयाएवढी.

आपल्या दारातले झाड निवडुंगाच्या कुळातले आहे. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. केरळात त्याला निशागंधी म्हणतात, श्रीलंकेत कदुपुल. त्याचे मूळ घर मेक्सिको-ग्वाटेमालाकडची दमट जंगले. तिथे ते जमिनीत क्वचितच वाढते. मोठ्या झाडाच्या बेचक्यात पालापाचोळा साचून कुजतो, त्या मूठभर मातीत ते मूळ धरते आणि फांद्यांवरून खाली लोंबते. म्हणून काही ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस पिते, हे फक्त बसायला जागा घेते. आपल्याकडे आंब्या-मोहाच्या खोडावर आमरी बसलेली दिसते ना, तसे.

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या रामटेकात कार्यक्रम म्हटला की कालिदास आलाच, आणि मेघदूतातला रामगिरी तो आमचाच गड, याचा आम्हाला अभिमान आहे. एका सभेत एका वक्त्याने सांगितले की, कालिदासाच्या काळी गडावर रात्री ब्रह्मकमळे फुलत. मी खाली बसून गप्प ऐकले. पाहुण्याला भर सभेत अडवणे बरे दिसत नाही. पण निवडुंगाचे कूळ अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर दर्यावर्दी लोकांबरोबर ही झाडे जगभर गेली. कालिदास त्याच्या हजार वर्षे आधीचा. या कुळातली एकच जात, दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या काड्यांची ऱ्हिप्सालिस, आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपोआप वाढलेली सापडते. बाकी सगळे बाहेरून आलेले पाहुणे, आपला फड्या निवडुंगसुद्धा. तेव्हा कालिदासाने हे फूल पाहिलेले नाही. पण योग असा की, आषाढाचे ढग गडावर टेकले की आमच्याकडच्या झाडांना कळ्या दिसायला लागतात.

आता ओळखायचे कसे ते सांगतो. ज्याला आपण ब्रह्मकमळाचे पान म्हणतो, आणि 'पानातून फूल येते' म्हणून नवल करतो, ते पान नाहीच. ते चपटे झालेले खोड आहे. हातात घेऊन पाहा. मधोमध जाड शीर असते, दोन्ही कडा लाटांसारख्या आणि मधूनमधून खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक बारीकसा ठिपका दिसेल, तो डोळा. ऊस लावताना आपण कांडीवरचा डोळा पाहतो तसाच हा. त्यातूनच नवे पाते फुटते किंवा कळी येते. एका डोळ्यातून फूल एकदाच येते, हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. झाडाच्या बुडातून गोल, उसाच्या वाढ्यासारख्या लांब काठ्याही सुटतात. त्या काठ्यांवर फुले येत नाहीत, त्यांना फुटणाऱ्या चपट्या पात्यांवर येतात.

याची भावंडेही आता खेड्यांपर्यंत आली आहेत. खेकड्याच्या नांगीसारखे बोटभर तुकडे एकापुढे एक जोडलेले आणि टोकाला गुलाबी किंवा लाल फूल असेल, तर तो नाताळ निवडुंग. ब्राझीलच्या समुद्राजवळच्या डोंगरांतला. तो हिवाळ्यात फुलतो. त्याला कळी धरायला दीड महिना रोज बारा-चौदा तासांचा सलग अंधार लागतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर बल्ब जळणाऱ्या ओसरीत तो नुसता हिरवा राहतो. रोपवाटिकेत 'लाल ब्रह्मकमळ' म्हणून मिळते ते संकरित भावंड. त्याचे फूल दिवसा उमलते, दोन-तीन दिवस टिकते, पण वासाच्या नावाने शून्य. सर्वांत मोठा घोळ होतो तो ड्रॅगन फ्रूटशी. सांगली-सोलापूरकडे त्याच्या बागा झाल्या आहेत, आणि गुजरात सरकारने २०२१ साली त्याचे नाव 'कमलम्' ठेवले, त्यामुळे कमळाचा गोंधळ आणखी वाढला. त्याचे फूल हुबेहूब ब्रह्मकमळासारखे, पांढरे आणि रात्रीच उमलणारे. पण खोड तीन धारांचे, जाड, धारेवर बारीक काटे आणि आधाराला चढणारे. पाते चपटे की तीनधारी, एवढे पाहिले की फसायला होत नाही.

या कुळाबाहेरची पण तशीच दिसणारी झाडे मात्र नीट ओळखा. कुंपणाचा थोर आणि शेर ही निवडुंगे नव्हेत. त्यांना जरा खरचटले तरी पांढरे दूध येते. ब्रह्मकमळाच्या पात्याला सुई टोचा, पाण्यासारखा चिकट रस येईल, दूध येणार नाही. शेराचे दूध डोळ्यात गेले तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. तसे झाले तर चोळू नका, घरगुती औषध घालू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा. लेकरे खेळतात तिथे शेराची कुंडी ठेवू नये.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. नगरधनच्या बाजूच्या एका गावात महिलांचा मेळावा होता. परसबागेवर माझे भाषण झाले. नंतर एक बाई तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेले ब्रह्मकमळ घेऊन पुढे आली. तिच्या आईने दिलेले ते झाड, आणि आई त्याच हिवाळ्यात वारली होती. याची निगा कशी करू, असे तिने विचारले. मी झाडाकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. निवडुंगाचे कूळ एवढे मला ठाऊक होते, आणि हाती ध्वनिक्षेपक होता. मी म्हणालो, "बाई, हे निवडुंग आहे. निवडुंगाला ऊन पाहिजे, पाणी नको. स्लॅबवर ठेवा आणि विसरून जा." बाया हसल्या, मलाही माझे वाक्य आवडले. तो मार्च महिना होता.

मेच्या मध्याला खरिपाच्या सभेसाठी त्याच गावी गेलो. त्या बाईने मला घरी नेले, जिन्याने वर नेले. स्लॅबवर डबा होता. पाती आधी पांढरी पडून मग तपकिरी झालेली, चुलीवर भाजलेल्या पापडासारखी. ती एवढेच बोलली, "भाऊ, तुमी सांगतलं तसंच केलं जी मी." ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

डब्याच्या सावलीच्या बाजूला वीतभर एक पाते तेवढे हिरवे राहिले होते. ते कापून घेतले आणि खाली आलो. घराशेजारी एक म्हातारे बारई राहत. साऱ्या विदर्भाला माहीत आहे की रामटेकची ओळख गडाइतकीच पानमळ्यांची. 'रामटेक बांगला' नावाची पानाची जातच आहे. आता पानमळे कमी झाले, पण त्या म्हाताऱ्यांचा तेव्हा चालू होता. त्यांनी ते पाते हातात उलटसुलट केले आणि बुडाजवळचे तपकिरी केसासारखे काही तरी मला दाखवले. म्हणाले, "साहेब, हिले मुया फुटून हायेत, पाहा. पानाच्या वेलाले फुटते तशाच. ज्याले अधांतरी मुया फुटते ते उनाचं झाड नोहे."

माझी पदवी तिथे गुमान उभी राहिली. झाडावर राहणारे झाड हे पुस्तकात होते, पण त्याचा अर्थ म्हाताऱ्यांनी मुळीवरून लावला. ते पाते त्यांनी आपल्या पानमळ्यात नेले, आणि चार-पाच दिवस सावलीत सुकवून वेलांच्या ओळीच्या टोकाला, पालापाचोळ्यात खोचले. पानमळ्यात काय असते? वरून गाळून आलेले ऊन, बाजूने वाऱ्याला आडोसा, हवेत गारवा, आणि पाणी वारंवार पण साचत नाही असे. मेक्सिकोच्या जंगलात या झाडाला हेच मिळते. वर्षभराने रोप त्या बाईला परत दिले. तिसऱ्या वर्षी श्रावणात रात्री दहाला तिचा फोन आला, "भाऊ, पाच उमलले जी." बाहेर धो धो पाऊस होता म्हणून जाणे झाले नाही. त्या रात्री मी नीट झोपलो.

तेव्हापासून ब्रह्मकमळाविषयी कुणी विचारले की मी सांगतो, निवडुंग विसरा आणि पानमळा आठवा.

जागेपासून सुरुवात करू. सकाळचे कोवळे ऊन दोन तास आणि नंतर झाडाची जाळीदार सावली, ही उत्तम जागा. घराच्या पूर्वेला कडुनिंब किंवा आंबा असेल तर त्याच्याखाली, फांदीला टांगून किंवा ओट्यावर. झाड नसेल तर रोपवाटिकेची अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधा. सावली म्हणजे अंधार नव्हे. अंधाऱ्या ओसरीत झाड जगते, पाती लांब आणि बारीक होतात, पण फूल येत नाही. ऊन किती पडते ते पातेच सांगते. कडा लालसर झाल्या तर ऊन जास्त, गर्द हिरवे आणि लुळे पडले तर कमी. एप्रिल-मे हे आपल्याकडचे खरे संकटाचे महिने. लू ज्या बाजूने येते तिकडे ओले गोणपाट लावा आणि सायंकाळी पात्यांवर पाणी शिंपडा. भर दुपारी शिंपडू नका.

मातीची चूक आपल्याकडे सर्रास होते. आपली काळी कसदार जमीन, तिचा आपल्याला अभिमान, म्हणून शेतातली घमेलेभर माती आणून कुंडीत भरतो. या झाडाला ती फास आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळ्या गुदमरून कुजतात. दोन भाग चांगला कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड रेती, एक भाग जुने शेणखत आणि एक भाग विटांचे किंवा नारळाच्या शेंड्यांचे बारीक तुकडे असे मिश्रण करा. देवस्थानाच्या गावी शेंड्यांना तोटा नसतो. त्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मग वापराव्यात. कोळशाचा चुरा किंवा अर्धवट जळालेले धानाचे तूस मूठभर घातले तर आणखी चांगले. मिश्रण मुठीत दाबून सोडले की भुसभुशीत मोकळे झाले पाहिजे. त्याचा लाडू झाला तर रेती वाढवा.

कुंडी लहानच बरी, आठ-दहा इंची. मुळ्या जरा दाटल्या की झाड फुलावर येते. मोठ्या भांड्यात ते आधी मुळ्यांचा संसार वाढवत बसते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी, तीही फुले येऊन गेल्यावर. बुडाला भोक हवेच आणि भोकावर खापराचा तुकडा.

पाणी बोटाने ठरवा. वरची दोन पेरे माती कोरडी लागली की पाणी द्या. उन्हाळ्यात दिवसाआड लागेल, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात झडी लागली की कुंडी वळचणीखाली घ्या. बोअरचे पाणी जड असेल तर जमेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून ते द्या.

खताबद्दल शेतकऱ्याच्या घरात मला हमखास एकच गोष्ट सापडते. शेतातून उरलेला युरिया जाताजाता कुंडीत पडतो. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार होते, लांब काठ्या सोडते आणि फुलाचे नाव काढत नाही. ज्या बांधीत युरिया जास्त पडला तिथला धान नुसता पाल्यावर जातो, लोंबी भरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या झाडाला जुने शेणखत पुरते. घरी ठिबकचे विद्राव्य खत असेल तर मे-जूनमध्ये शून्य-बावन्न-चौतीस एका लिटरला एक ग्रॅम एवढेच, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, ओल्या मातीत द्यावे. जास्त दिले म्हणजे जास्त फुले, असे नाही.

खांड लावायला फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाचा जोर ओसरल्यावरचा काळ चांगला. निबर, वीतभर पाते धारदार चाकूने कापा आणि सावलीत चार ते सात दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू द्या. ही पायरी घाईत गाळली की खांड सडते. मग बुडाकडची बाजूच खाली ठेवून दोन बोटे खोल लावा, काडीचा आधार द्या आणि माती जेमतेम ओली ठेवा. तीन-चार आठवड्यांत मूळ धरते. फुलाला दोन-तीन वर्षे थांबावे लागते. ब्रह्मकमळ चोरून आणलेलेच लागते असे बाया म्हणतात. मागून आणलेलेही लागते, मी लावून पाहिले आहे. आपल्याकडे याला फळ-बी सहसा धरत नाही. तिकडच्या जंगलात रात्री उडणारे मोठे पतंग परागीभवन करतात. इथली बहुतेक झाडे खांडाचे खांड लावूनच पसरलेली, म्हणजे तुमच्या आणि शेजारणीच्या दारातले झाड पुष्कळदा एकच असते.

कीड फारशी नाही. कापसासारखी पांढरी पुंजकी दिसली तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. फारच पसरला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून सायंकाळी फवारा. पावसाळ्यात गोगलगाई कोवळ्या कळ्या खातात, रात्री कंदील घेऊन वेचाव्यात. त्याला दुसरे औषध शोधत बसू नका.

आता फुलाविषयी. जूनच्या पहिल्या पावसानंतर डोळ्यांतून लालसर टोके निघतात. टोक चपटे झाले तर नवे पाते, गोल आणि जाड राहिले तर कळी. कळी दिसली की कुंडी हलवू नका, फिरवू नका. जागा बदलली, माती पार वाळली किंवा गरम वारा लागला की कळ्या गळतात. तीन-चार आठवडे कळी लोंबत वाढते. मग तिचा देठ चिलमीसारखा बाक घेऊन तोंड वर करतो. तोंड वर झाले की एक-दोन रात्रींत उमलणार. त्या दिवशी सायंकाळी बाहेरच्या गुलाबी पाकळ्या सैल पडलेल्या दिसतात. आठ-नऊला उमलायला सुरुवात होते, मध्यरात्रीला फूल पूर्ण फाकते, तळहातापेक्षा मोठे. आत पुंकेसरांचा झुबका आणि मध्ये चांदणीसारखे टोक. वास अंगणभर पसरतो. तांबडे फुटेपर्यंत मान पडलेली असते. शाळेच्या मुलांना उठवून दाखवा, एक दिवस उशिरा उठली तरी चालतील.

आता, ताई, तुमच्या पत्राकडे. तुम्ही लिहिले आहे की, लग्नाच्या मांडवासाठी झाड कडुनिंबाखालून उचलून सिमेंटच्या ओट्यावर ठेवले, ते तिथेच आहे. पुढे लिहिले आहे की, कुंडी लहान दिसते म्हणून दीर-भाऊजींनी ते मोठ्या ड्रममध्ये शेताची माती भरून लावले. तिसरे, धानाला खत देताना त्यालाही मूठभर टाकतात. आणि चौथे, लग्नात दाराची शोभा बिघडते म्हणून जुनी, वाकडी पाती छाटून टाकली. आज बुडातून उंच हिरव्या काठ्या सुटल्या आहेत आणि खालची पाती पिवळट, कडा लाल आहेत.

सासूबाईंना हा अंक वाचून दाखवा. ज्या पात्यांवर फुले यायची ती पाती गेली, सावली गेली, मुळ्यांना ड्रमभर काळी माती मिळाली आणि वरून युरिया. आता असे करा. येत्या फेब्रुवारीत झाड ड्रममधून काढा, कुजलेल्या मुळ्या कापा, सांगितलेल्या मिश्रणात दहा इंची कुंडीत लावा आणि कडुनिंबाखाली जुन्या जागी ठेवा. युरियाची पिशवी त्या बाजूला न्यायची नाही. लांब काठ्यांची टोके खुडा, म्हणजे चपटी पाती फुटतील. ती निबर व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यात एखादीच कळी आली किंवा आली नाही तरी कुणी काही बोलू नये. त्याच्या पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी. शिवाय दोन खांडे वेगळी लावा. एक सासूबाईंच्या हातचे, एक तुमच्या हातचे.

मांडवासाठी झाड हलवले ते मांडवासाठीच, त्यात कुणाचा दोष नाही. मांडव सुटल्यावर ते परत जागेवर ठेवायचे तेवढे राहिले. पावसाळ्यात किती पाती फुटली ते मला अवश्य कळवा.